बुजलेली विहीर

हे ऐकून तुम्ही मला वेड्यात काढाल. काढा, पण मतीनला काही बोलू नका.

नांदुऱ्याचा हा मतीन गावोगावच्या, जातीजातींच्या वेगळ्या पाणवठ्यांचे फोटो काढत फिरे. खारपाणपट्ट्यातल्या एका गावात एकच गोड्या पाण्याची विहीर होती. बौद्धवाड्यातल्या बायांनी लांब उभं राहायचं. कोणाला दया आली, तर तो वरून घागरीत ओतणार. विहीर बुजून आता वीस वर्षं झाली. मतीननं तिथल्या नुसत्या मुरमाचा फोटो काढला.

छापून आला, तर त्यात रिकामी घागर पुढं धरून एक बाई उभी!

तो फोटो त्यानं बौद्धवाड्यातल्या म्हाताऱ्या गोजरबाईला दाखवला.

"हे तं माही माय व्हय!" मायचा एकही फोटो तिच्याजवळ नव्हता. तिनं घागरीवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. पदरानं पुसलं, पुन्हा ओलं.

म्हातारी भिऊ नये म्हणून मतीन हसला. "माह्या बाटलीतलं सांडलं असन, आजी."

गोजरबाईनं बोट जिभेला लावलं.

"खोटं काऊन बोलतं बे? बाटली तं तू आत्ता आमच्याच हापशीवर भरली. ते पाणी खारं हाय. हे गोड हाय."