गाडीचा आवाज

माझी बायको चंद्रव्वा वारली, आणि त्याच महिन्यात गाडी वाजायला लागली. डावीकडे वळताना करकर, खड्ड्यात चाक गेलं की टक्क. काही मोडायच्या आत बघून घ्यावं म्हणून कोंडीबा मिस्त्रीकडे नेली.

कोंडीबाने मला स्टेअरिंग फिरवायला लावलं आणि स्वतः गाडीखाली शिरला. चाकावरची कमान, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, हलवून बघितली, हातोडीने ठोकली. मग कमानीची पिन काढून माझ्या हातावर ठेवली. ती एका बाजूने अर्धी झिजली होती.

"कवापासनं वाजतीय म्हणलासा?"

"महिना झाला असेल."

"न्हाय मालक. ही चार वर्साची झीज हाय. तवापासनं वाजत आसणार." तो हसला. "कानात बोळं घालून गाडी चालवता का काय?"

मी नवी पिन बसवायला सांगितली आणि जुनी खिशात टाकली.

एरवी गाडी दारातच उभी असायची; दर सोमवारी तेवढं आम्ही दोघं तिच्यातून चंद्रव्वाच्या माहेरी होटगीला जायचो. मागच्या सीटवर बसून चंद्रव्वा सारा रस्ता बोलायची. कुणाची ज्वारी निसवली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाच्या लेकीला बघायला पाहुणे आले. आणि दर सोमवारी मी तिला म्हणायचो, "जरा गप्प बस की. गाडीचा आवाज ऐकू दे मला."