पुढचा शॉकअप
निकेशचं कुरखेड्यात स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. बायको विशाखा नर्स होती. रोज स्कूटरवरून जंगलातल्या उपकेंद्रात जायची. "अजी, पुढच्या शॉकअपमधून तेल गळून राह्यलं. हँडल हातात राहत नाई," ती तीन महिने सांगत होती. "रविवारी पाहू," तो म्हणायचा. रविवार गिऱ्हाइकांच्या गाड्यांत जायचा. त्यांना मात्र बजावायचा, "सर्व्हिसिंग टाळू नका भाऊ." एका दुपारी चाक खड्ड्यात आदळलं, हँडल फिरलं आणि विशाखा दगडांवर पडली. उजव्या हाताची बोटं कायमची आखडली. आता लसीची सुई दुसरीच नर्स टोचते. विशाखा रांगेतल्या बायांना नुसती नावानं हाक मारते. निकेशनं नवे शॉकअप बसवून चावी तिच्यापुढं ठेवली. "कोणत्या हातानं चालवू?" तिनं विचारलं. तेव्हापासून तोच तिला पोचवतो. गाडी दणके देत नाही. मागे बसलेली विशाखा त्याचा खांदा धरत नाही.