आयते पंच

नरसिंगरावांचा बोकड हरवला आणि सकाळी साखरा गाव सोनाजीच्या अंगणात जमा झालं. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. दिवेलागणीला गुरं जशी आपसूक गोठ्याकडं वळतात, तसं गावात काही गेलं की माणसं या अंगणाकडं वळत.

सोनाजी दात घासत होता. त्यानं चूळ भरली, सदरा घातला आणि या म्हणाला. शेळीचोरीची जेल भोगून आल्यापासून तो रोजानं कामाला जाई. त्यानं माळ घातली नव्हती, सुधारल्याचं भाषण केलं नव्हतं. फक्त चोरी बंद केली होती. एवढ्यावर गावाचं समाधान नव्हतं.

खाट उचलून झाली, कडबा उपसून झाला. म्हाताऱ्या भिवाजीनं पिठाचा डबा उघडून पाहिला. डब्यात बोकड मावत नाही हे त्याला ठाऊक होतं, पण तपास म्हणजे तपास. सोनाजी सगळ्यांना वाट करून देत होता. न्हाणीच्या मागं बघायचं राहिलं, अशी आठवणही त्यानंच करून दिली. तिथंही बोकड नव्हता, याचं बऱ्याच जणांना वाईट वाटलं.

सोनाजीला हवी होती एक शेळी, अर्धलीनं. म्हणजे शेळी एकाची, सांभाळायची दुसऱ्यानं, करडं निम्मी निम्मी. कागद नाही. दोन पंच उभे राहतात, दावं या हातातून त्या हातात जातं, झालं. या व्यवहाराला भरवसा सोडून काही लागत नाही, आणि सोनाजीपाशी नेमकं तेवढंच नव्हतं. त्यानं अर्ध्या गावाला विचारलं होतं. कोणाची शेळी आजारी निघाली, कोणाच्या बायकोला वाईट स्वप्न पडलं. नरसिंगराव विचार करून सांगतो म्हणाले होते आणि अजून विचारच करत होते.

तेवढ्यात जैनबबी आली. पाठीत वाकलेली म्हातारी, हातात दावं, दाव्याला गाभण शेळी. गर्दीनं शेळीला वाट दिली, तिच्यामागून म्हातारीही आत आली.

"परवा तू आला तवा मी घरी नव्हते," ती सोनाजीला म्हणाली. "सून म्हणाली, अर्धलीचं विचारून गेला. घे."

म्हातारीला दिसत नसावं असं गावाला वाटलं. नरसिंगरावांनी मोठ्या आवाजात समजावलं, की मावशी, आमी इथं चोरीचा तपास करून राहिलो. तुमची पहिली शेळी कोणी नेली, विसरल्या काय?

"न्हाई विसरले. गावात काही गेलं की तुमी सगळे पहिले इथं येता. माह्या शेळीवर एवढी नजर दुसऱ्या कोणाच्या दारात राहील?"

कोणीतरी हसलं. भिवाजीनं आपलं हसू खोकल्यात घातलं.

नरसिंगराव म्हणाले, चेष्टा नको, चोर तो चोरच.

जैनबबीनं शेळीच्या पाठीवर हात ठेवला. "यानं माही शेळी नेली. कोर्टात उभं राहून, नेली म्हणाला. जेल भोगली, येऊन माह्या पाया पडला. तुमचा नांगर दरसाल माहा बांध कोरून राहिला, नरसिंगराव. तुमी कवा म्हणनार?"

मग नरसिंगरावांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठा असे, आणि त्यांची सून राणी काय सांगतेय ते अख्ख्या अंगणानं ऐकलं. बोकड खताच्या खोलीत सापडला होता. सोनाजीच्या धास्तीनं काल नरसिंगरावांनीच त्याला तिथं कोंडलं होतं आणि विसरले होते.

सगळ्यांना एकदम शेतातली कामं आठवली. माफी कोणी मागितली नाही. तशी गावात पद्धत नाही. माणसं नुसती फाटकाकडं सरकू लागली.

"थांबा," जैनबबी म्हणाली. "पंच लागतात. आयतेच आले तुमी, उभे ऱ्हा."

अर्धलीला पंच व्हायला नाही म्हणणं म्हणजे उघड वैर, आणि बांधाचा विषय तर निघालेलाच होता. नरसिंगरावांनी टोपी सरळ केली. भिवाजी त्यांच्या शेजारी उभा राहिला आणि त्यानं रीतीप्रमाणं जैनबबीला विचारलं, दावं दिलं?

दिलं, ती म्हणाली.

मग सोनाजीला विचारलं, घेतलं? सोनाजीनं दावं धरलं होतं. त्यानं मान हलवली.

"तोंडानं म्हण," नरसिंगराव कडक आवाजात म्हणाले. "नुसती मान पंचाला चालत न्हाई."

"घेतलं," सोनाजी म्हणाला.

परक्या दारात दावं दुसऱ्या हातात गेलेलं पाहून शेळी ओरडायला लागली. सोनाजीचा हात झटकन तिच्या तोंडाकडं गेला. आजवर त्याच्या हाताखाली एकही शेळी ओरडली नव्हती; ती त्याची हातोटीच होती. हात मध्येच थांबला, मग सावकाश तिच्या कानामागं गेला आणि खाजवू लागला.

"ओरड, माय," तो म्हणाला. "जोरानं ओरड."

आणि शेळी अशी ओरडली, की पुसेगावच्या रस्त्यानं निघालेली माणसं गाड्या थांबवून बघू लागली.