पासिंगपुरता रंग

“त्या पासिंगच्या साहेबानं जीव घेतला असता माझ्या पोरीचा! डोळे मिटून गाडी पास केली मेल्यानं!” वनिता भर अंगणात कडाडली.

काल शाळेच्या वाटेवर नवऱ्याच्या जुन्या व्हॅनमध्ये लेक बेशुद्ध पडली होती. इंजिनाचा धूर आत येत असणार, असं डॉक्टर म्हणाले. पोरगी वाचली, सकाळी घरी आली. आता नवरा पुढची सीट उचलून खालच्या इंजिनाचा, धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड बदलत होता. गंजलेले नट हलता हलत नव्हते. पाना निसटून बोटं सोलली, तरी तो थांबेना.

अखेर ते बिडाचं धूड सुटलं. वनितानं फडक्यानं पुसलं, तशी वर भरलेली लांबी, ती फटी बुजवायची पुट्टी, खपलीसारखी निघाली आणि नख शिरेल एवढी भेग दिसली.

“बघा! लांबी भरून वर रंग फासलाय. हे उद्या त्याच्या टेबलावर नेऊन आपटते.”

“नको, नको!” नवरा घाईघाईनं म्हणाला.

तिनं रंगाकडे पुन्हा पाहिलं. चंदेरी. दिवाळीत तिनंच फाटकाला मारला होता तो. उरलेला डबा नवऱ्यानं मागून घेतला होता.

“तुम्ही?”

“अगं, पासिंगपुरतं केलं होतं. नवीन टाकणारच होतो.” त्याची मान वर होईना. “आणि माझ्या बाजूची काच मी रोज उघडीच ठेवायचो.”

“आणि तिच्या बाजूची? बोला!”