सोमवारचा उपास

होस्टेलच्या दारात रेणुकाबाईंनी लेक शर्वाणीपुढे शिंगाड्याच्या लाडवांचा डबा धरला. तिने तो न बघताच अंगठ्याने त्यांची खालची पापणी हलकेच ओढली.

"मावशी, रक्त फारच कमी आहे. उपास करता का?"

'मावशी' ऐकून रेणुकाबाईंनी डबा छातीशी धरला. डॉक्टरकीचा अभ्यास डोक्यात भरायचा तर जुन्या आठवणी पुसून जागा करावी लागते, हे कॉलेजने आधीच सांगितलं होतं. पहिल्या वर्षी शाळा पुसली गेली, मग गाव. शेवटचं वर्ष कालच भरून झालं होतं.

"सोमवार धरते."

"सोडा बघू आता. कुणासाठी एवढं?"

"लेक डॉक्टर व्हावी म्हणून."

"मग, झाली का?"

"झाली हो. हा दुसराही डोळा बघ ना जरा, बाळा."