घटाचं धान

नवमीला देवकीनं घटावरची टोपली उचलली. धान अर्धं पिवळंधमक, अर्धं हिरवं. देवीचं धान सोन्यासारखं पिवळंच यायला हवं. देवकीच्या घरचं दरवर्षी तसंच यायचं आणि तो तोरा ती गावभर मिरवायची. यंदा पाणी शिंपडायचं काम पहिल्यांदाच नव्या सुनेकडे होतं.

"घट कोणी उघडा टाकला गो, मनस्वी?"

"मी नाय, आई. रोज झाकून ठेवलाय."

मनस्वीनं टोपली उजेडाला धरली. एका बाजूला उंदरांनी चांगलं मुठीएवढं भोक पाडलं होतं. त्यावर छपरातल्या नव्या प्लास्टिकच्या पत्र्यातून ऊन येत होतं.

"उजेड लागला तेवढं हिरवं झालं," ती म्हणाली.

"म्हंजे बाटलं."

"बाटलं कसं? स्वतःचं रांधून खायला लागलं. मागल्या भिंतीवरच्या शेवाळाला कोण वाढतं, आई? उजेड, पाणी, हवा, तेवढ्यावर आपलं आपण करतं. सगळ्या हिरव्याचं तसंच."

देवकीनं ते शेवाळ कालच खराट्यानं खरवडलं होतं. दोन पावसात पुन्हा येणार, हे तिलाही ठाऊक होतं.

"आन ही पिवळी काय खातात?"

"दाण्यात असतं तेवढंच. ते संपलं की माना टाकतात."

एवढं बोलून ती चुलीकडे गेली. मुरबाडला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता, दसऱ्यानंतर वर्ग सुरू होणार होते. विचारलं तेव्हा देवकीनं एका वाक्यात वाट लावली होती, "घरात तुला खायला काय कमी हाय?" त्यानंतर पोरीनं विषय काढला नव्हता. आताही काढला नाही, आणि देवकीला तेच जास्त लागलं.

तिनं एक पिवळा कोंब उपटला. मुळाशी दाणा तसाच चिकटलेला होता. बोटांत दाबला, तर आत काहीच नव्हतं, नुसतं फोलपट. देवकी बराच वेळ ते चोळत बसली. या घरात ती आली तेव्हा नववी पास होती, हे आता घरात कोणाला आठवतही नव्हतं.

दसऱ्याला सगळे अंगणात जमले. देवकीनं नवऱ्याच्या टोपीत पिवळं धान खोवलं, मुलाच्या, ऋतिकच्या, कानावर पिवळंच ठेवलं. धानाची परडी बायकोसमोर आली तसा तो हसला. मनस्वीनं डोकं वाकवलं. देवकीचा हात परडीवर क्षणभर थांबला, मग हिरव्या बाजूला गेला.

"आई, हे..." ऋतिक म्हणाला.

"गप रे." तिनं सुनेच्या वेणीत हिरवं धान नीट खोवलं. "उद्याची पयली यष्टी चुकवू नको. डबा मी करते."

मनस्वी पाया पडायला वाकली, तिला रडू आवरेना. देवकीनं तिला उठवलं, आणि मग उरलेल्यातले चार पिवळे कोंब घेऊन स्वतःच्या अंबाड्यात खोवले.