पाच वर्षांची वेणी

टाचणी अंगठ्यात चांगली अर्धी घुसली होती आणि शिंपीणबाईंना त्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी हात टेबलावर ठेवला तेव्हा ती डॉक्टरीणबाईंना दिसली. त्यांनी ती हळूच उपटली. रक्ताचा थेंब वर आला.

"अगंबाई," शिंपीणबाई म्हणाल्या. "ही कधी लागली?"

सोबत नणंद आली होती. ती तोंडाची खमकी. "हे तर काहीच नाही, बाई. परवा वहिनीनं सदऱ्याच्या दोन्ही बाह्या एकाच खांद्याला जोडल्या. गिऱ्हाईक विचारतंय, दुसरा हात कापून टाकू का?"

शिंपीणबाई हसल्या, पण डोळे हसले नाहीत. शिवणयंत्रावर त्यांचं घर उभं होतं.

दीड वर्ष हे चाललं होतं. आधी बोटांना मुंग्या, मग बधिरपणा, मग चालताना तोल जाणं. चष्मा नवा होता, तरी खांदा दाराच्या चौकटीवर आदळायचा. समोरचं स्वच्छ दिसे, बाजूचं कुणी पुसून टाकल्यासारखं वाटे. साखर ठीक, रक्त ठीक, मानेचा फोटो ठीक. शहरातल्या दोन मोठ्या डॉक्टरांनी वयाकडे बोट दाखवून हात झटकले होते. वय होतं चव्वेचाळीस.

न सुटलेलं कोडं डोक्यात असलं की डॉक्टरीणबाईंना जेवण जात नसे. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारायला सुरुवात केली. घराला रंग कधी दिला? पाणी कुठलं? कापडाला कसली पावडर लावता? शिंपीणबाई शाळेत उभं केल्यासारखी उत्तरं देत होत्या. शेवटी जेवणाची पाळी आली.

"मासा असतो रोज," त्या म्हणाल्या. "हे बर्फाच्या कारखान्यात आहेत ना, गोदीवरून आणतात. तलवारमासा. चांगला मोठा, जाडजूड तुकडा."

"रोज?"

"दोन्ही वेळा."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. लहान माशाला मोठा खातो, मोठ्याला त्याहून मोठा, आणि प्रत्येकाच्या अंगात मुरलेला पारा पुढच्याच्या अंगात उतरतो. सगळ्यांत वरच्या माशात तो सगळ्यांत जास्त. शिजवून जात नाही, तळून जात नाही. किती खाता, केव्हा खाता, घरात आणखी कोण खातं, हे सगळं त्यांनी विचारलं. बाकीच्यांच्या वाट्याला हा मासा क्वचितच येई. का खाता, एवढंच विचारायचं राहिलं, कारण त्यांची नजर आता शिंपीणबाईंच्या वेणीवर खिळली होती. वेणी कमरेच्याही खाली गेली होती.

"यातली एक बट देता?"

"केस कशाला हो?" नणंदेनं डोळे मोठे केले.

"केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. अंगात पारा असला तर तो वाढत्या केसात उतरतो आणि तिथेच राहतो. टोकाकडे जुने महिने, मुळाकडे नवे. तुम्हाला आठवत नसेल ते केस सांगतील."

शिंपीणबाईंनी वेणी सोडली. बट मुळापासून कापून, दोऱ्यानं बांधून प्रयोगशाळेत गेली. अहवाल येईपर्यंत मासा खाऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

तीन आठवड्यांनी अहवाल आला तेव्हा बाहेर पेशंट बसले होते, तरी डॉक्टरीणबाईंनी तो उभ्या उभ्या वाचला. कोडं सुटलं होतं. आलेखाची रेघ टोकाकडच्या केसांत जमिनीला चिकटून चालली होती. मग एका जागी तिनं मान वर केली आणि चढतच गेली. त्यांनी पट्टी लावून मोजलं. मुळापासून साठ सेंटिमीटर. साठ महिने.

दोघींना त्यांनी त्याच दुपारी बोलावून घेतलं. कागद टेबलावर पसरला. स्वतःच्या आवाजातला आनंद त्यांनाच जरा खटकला.

"पारा आहे. तो मासा आता कायमचा बंद. पण मला सांगा, बरोब्बर पाच वर्षांपूर्वी असं काय झालं? त्याआधी तुमच्या केसांत काहीच नाही."

शिंपीणबाई आठवू लागल्या. नणंदेला आठवावं लागलंच नाही. "तेव्हा वहिनी आजारपणातून उठली होती. अंगात रक्ताचा टिपूस नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, रोज मासा खा. दादानं लगेच मनावर घेतलं. म्हणाला, बारीकसारीक कशाला, द्यायचा तर सगळ्यात मोठाच देऊ."

"कुठला मासा ते सांगितलं नाही? कोण हे डॉक्टर?"

दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. शिंपीणबाई ओशाळल्या, जणू चूक त्यांचीच होती.

"तुम्हीच की, बाई. तुम्हाला कुठलं आठवणार, दिवसाला शंभर माणसं येतात तुमच्याकडे."

डॉक्टरीणबाई उठल्या. जुनी कार्डं मागच्या कपाटात होती. पाच वर्षांपूर्वीचं कार्ड सापडायला वेळ लागला नाही. औषधांखाली त्यांच्याच घाईच्या अक्षरात तीन शब्द होते: रोज मासे खाणे. त्या शब्दांखाली दोनदा रेघ मारली होती.

कार्ड त्यांनी लपवलं नाही. ते टेबलावर, आलेखाशेजारी ठेवलं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मासे खा म्हणणं चूक नव्हतं. कुठले आणि किती, हे मी सांगितलं नाही." मग त्यांनी पुढचंही सांगितलं. मासा बंदच ठेवला की पारा काही महिन्यांत उतरेल. बोटांत थोडी जाण परत येईल. बाजूचं जे दिसेनासं झालंय, ते मात्र बहुतेक परत यायचं नाही.

शिंपीणबाईंनी ते कार्ड डोळ्यांसमोर धरून सावकाश वाचलं. मग पिशवीतल्या मापांच्या वहीतला एक कोरा कागद फाडून डॉक्टरीणबाईंपुढे सरकवला.

"मग आता काय खायचं ते लिहून द्या. तुम्ही लिहिलं की हे एक दिवस चुकवत नाहीत."